बाबांच्या हाताला काहीच झालेलं नाही

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलंय. देव्हाऱ्यासमोर उभं करून बजावलंय, की पायल, ही गोष्ट उंबऱ्याबाहेर गेली तर याद राख! आणि मी सांगणारही नव्हते हो, मी कुणाला काही सांगतच नाही, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना अजून माझा आवाज कसा आहे तेच माहीत नाही... पण तुम्ही समोरच्या बिल्डिंगमधल्या सगळ्याजणी रोज या बाकावर बसता, आणि मी दूध आणायला निघाले की विचारता, "बाबांचा हात कसा आहे गं?" दळण आणायला निघाले की विचारता, "टाके काढले का गं?" आणि आज तर हद्द झाली! त्या कडेच्या काकू मला जवळ घेऊन म्हणाल्या, "उजवाच ना गं? अरेरे, कमावता हात!"

अहो, कसला कमावता आणि कुठले टाके? बाबांच्या हाताला काहीच झालेलं नाही! खरचटलेलंसुद्धा नाही!

झालं. निघालं तोंडातून. आता अर्धं ऐकलंच आहे तर पुरतं ऐका, नाहीतर उरलेलं तुम्ही मनानं भराल, आणि तुमचं मन किती भरतं ते मी बघितलंय. हा हातातला नारळ? त्याचंही सांगते. तो शेवटी येतो.

तर सगळं सुरू झालं माझ्या कोपऱ्यावरून. मी यंदा दहावीला. आणि आमचं घर म्हणजे सिडकोतलं घर, एका खोलीत टीव्ही, दुसऱ्या खोलीत टीव्हीचा आवाज, आणि मधे मी आणि माझं भूमितीचं पुस्तक. आता गॅलरी आहे ना आमची, काचा लावून बंद केलेली, जिथे वॉशिंग मशीन आणि कांद्याची गोणी आणि बाबांचं जुनं हेल्मेट राहतं, तिच्या टोकाला एक कोपरा आहे. त्यात एक खुर्ची मावते आणि खुर्चीत मी मावते. फक्त पुढे एक पडदा हवा. म्हणजे येणारा-जाणारा डोकावून "काय, अभ्यास जोरात?" म्हणणार नाही, आणि मला "हं" म्हणावं लागणार नाही. तुम्हाला सांगते, मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं. ना मोबाइल, ना सायकल. नुसता एक पडदा. ओढला की मी नाही!

आई म्हणाली, "त्यात काय, दोरी बांधू. एक टोक खिडकीच्या गजाला, एक पाइपाला."

बाबा म्हणाले, "दोरी? माझी मुलगी दहावीला बसणार आणि दोरीमागे? स्टीलचा रॉड लावायचा. नीट भोकं पाडून, गट्ट्या ठोकून!"

आता भोकं पाडायची तर ड्रिल मशीन हवं. ते आहे, आमच्या खालच्या मजल्यावर, भारतकाकांकडे. पण मागे एकदा बाबांनी ते घड्याळाच्या खिळ्यासाठी मागितलं होतं, तर मशीनबरोबर भारतकाकाही आले. भिंतीवर बोटानं टकटक केलं, कान लावला, डॉक्टर लावतात तसा, आणि म्हणाले, "संतोषभाऊ, तुमचं काम नाही हे. व्हा बाजूला." आणि लावलं घड्याळ. लावलं ते लावलं, पण तेव्हापासून बारसं असो, साखरपुडा असो, सोसायटीची मीटिंग असो, बाबांनी कुणाला नुसतं विचारलं ना, किती वाजले, की भारतकाका लांबून ओरडतात, "यांच्या घरातलं घड्याळ मी लावलंय बरं का!"

त्यामुळे बाबा म्हणाले, "मागायचं नाही. स्वतःचं घ्यायचं. ऑनलाइन."

मला दोरी चालली असती. पण मी काही बोलले नाही.

आणि घेताना काय केलं असेल? ऑर्डर टाकली महेशकाकाच्या खात्यावरून! महेशकाका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, तो कळवणला शेती बघतो, आजी त्याच्याकडेच असते. त्याच्या खात्यावर म्हणे डिलिव्हरी फुकट होती. मग आमचं अख्खं खानदान त्याच्याच खात्यावरून मागवतं. आत्याची इस्त्री, बाबांचे बूट, कुणाकुणाचे गाउन... त्या कंपनीला वाटत असेल, काय माणूस आहे हा कळवणचा, बूट घालून, गाउन घालून इस्त्री करतो!

बाबांनी संध्याकाळच्या संध्याकाळ रिव्ह्यू वाचण्यात घालवल्या. मोठ्यानं वाचायचे. "हे बघ, पाच तारे! 'पॅकिंग अच्छी है.' हे बघ, पाच तारे! 'अभी खोला नहीं, खोलके बताता हूँ.'" म्हणजे ज्यानं उघडलंच नाही तो खूश, ज्यानं उघडलं तो कुठे गेला ते कुणालाच माहीत नाही! मला हे लगेच दिसलं. पण मी काही बोलले नाही.

मशीन आलं ते बरोबर खंडेनवमीला. दारात डिलिव्हरीवाला दादा, घामाघूम, म्हणाला, "ओटीपी सांगा." आता ओटीपी येणार कुणाला? कळवणला! आणि महेशकाका कुठे? मार्केट यार्डात, कांद्याच्या लिलावात! बाबांनी फोन लावला.

"महेश, ओटीपी आलाय बघ."

"दादा, थांब जरा, माझा ट्रॅक्टर लागलाय!"

"अरे आकडा सांग फक्त!"

मग तिकडून आकडा आला. बाबांनी तो दादाला सांगितला, दादानं टाकला, चुकीचा. पुन्हा विचारला, पुन्हा वेगळा आला, पुन्हा चुकीचा. मग कळलं, महेशकाका मोबाइल बघून सांगतच नव्हता, तो व्यापाऱ्याशी बोलत होता, आणि बाबा आपले कांद्याचे भाव ओटीपी म्हणून टाकत होते! तो दादा बिचारा आमच्या पायरीवर बसून पाणी प्यायला, चहा प्यायला, आईनं घटाच्या प्रसादाची केळीसुद्धा दिली. शेवटी तिकडे ट्रॅक्टरचा सौदा झाला, तेव्हा इकडे आमचं मशीन सुटलं.

आणि खंडेनवमी म्हटल्यावर काय, तुम्हाला सांगायला नको. आईनं पाट मांडलेलाच होता. त्यावर विळी, कात्री, बाबांचे पाने-पकड, माझी कंपासपेटी, आणि बाजूला स्कूटरची किल्ली. मग नवं मशीन काय खोक्यात ठेवतात? आमच्या घरात फ्रिजवर अजून स्वस्तिक आहे. बाबा म्हणाले, "अगं, आधी जरा चालवून..." आई म्हणाली, "आज चालवायचं नसतं. आज शस्त्राला विश्रांती. आज पूजा, उद्या काय ते चालवा."

आणि तिनं पूजा केली. साधीसुधी नाही हं, मन लावून केली. मशीनच्या पाठीवर कुंकवाचं स्वस्तिक, मुठीवर पाच बोटं, पुढच्या टोकाला हळद, वर झेंडूचं फूल, आणि मूठ भरून अक्षता. ते मशीन असं बसलं होतं पाटावर, नाकात फूल घालून, नवरदेवासारखं!

मशीनच्या दोन्ही अंगाला वारा जायला बारीक जाळी होती. मला ती दिसली होती. अक्षताही दिसल्या होत्या. पण मी काही... तुम्ही म्हणाच आता माझ्याबरोबर. मी काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं वाटून झालं, श्रीखंड-पुरी झाली, आणि बाबा बनियनवर, खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून, गॅलरीत स्टुलावर चढले. आईनं स्टूल धरलं. मी पडदा हातात धरून उभी. निळा आहे, बारीक पांढऱ्या चांदण्यांचा. बाबांनी बटण दाबलं... घुर्र! काय आवाज! खालून भारतकाका ओरडले, "संतोषभाऊ, काय, गिरणी टाकली का?" बाबांनी आणखी जोर लावला. भिंतीनं काही मनावर घेतलं नाही. थोडी पावडर पडली, तीसुद्धा नुसती चुन्याची. मग आवाज बदलला. घुर्रचं कुर्र झालं, कुर्रचं किर्र झालं, मग आतून काहीतरी खडखड खडखड, डब्यात दाणे हलवल्यासारखं, मग जळकट वास, आणि मग शांतता. बाबांनी मशीन बाहेर ओढलं. पुढची सळी, जिनं भिंतीला भोक पाडायचं, ती जिलबीसारखी वाकली होती!

बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्या हातातल्या पडद्याकडे बघितलं. मग म्हणाले, "काही काळजी करू नको. तक्रार करू. बदलून देतील."

आता गंमत अशी, की बाबा स्वतः अंबडला एका कारखान्यात डिस्पॅचला कारकून आहेत. तिथे माल खराब निघाला की फोन बाबांनाच येतो, आणि बाबा अगदी थंडपणे म्हणतात, "फोटो पाठवा." आम्ही घरी किती वेळा ऐकलंय. समोरचा माणूस तिकडे रडतोय, ओरडतोय, आणि बाबा इकडे चहात बिस्कीट बुडवत, "हो साहेब, पण फोटो पाठवा." त्या दिवशी ॲपवर बाबांनी सगळं दुःख सविस्तर लिहिलं, अगदी भिंतीच्या जाडीसकट, आणि तिकडून एका सेकंदात उत्तर आलं, "फोटो पाठवा."

बाबांचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही!

मग फोटो मी काढले. बाबांचा पांढरा टॉवेल अंथरला, त्यावर मशीन ठेवलं. घामाच्या हातानं सगळं कुंकू ओघळलं होतं, मुठीवरून खाली, सळीपर्यंत. टॉवेललाही बाबांची पाच लाल बोटं उमटली होती. मी तीन बाजूंनी काढले, छान उजेडात. फोटो स्पष्ट आले. फारच स्पष्ट आले...

ॲपवर एक यंत्रबाई असते, तिला माणूस नसतो, ती आपोआप बोलते. तिचं मराठी कसलं, ते ऐका. "प्रिय महेश," म्हणजे खातं काकाचं ना, "प्रिय महेश, आपली गैरसोय आम्हाला आवडली आहे. कृपया आपली वेदना एक ते पाच यांत निवडा." बाबा म्हणाले, "वेदना? पाच टाक! पाचाच्या वर असेल तर ते टाक!" मी पाच टाकलं. ती म्हणाली, "आपण वेदना पाच निवडली आहे. आम्ही आपणास दूरध्वनी करीत आहोत." खाली नंबर मागितला, बाबांनी स्वतःचा दिला.

आणि लगेच फोन वाजला. बाबा तिकडे पकडीनं ती वाकडी सळी उपटत होते. म्हणाले, "तू बोल पायल, तुझं हिंदी चांगलं आहे."

माझं हिंदी! अहो, माझं हिंदी वहीत चांगलं आहे! पण फोन तर माझ्या हातात. मी कानाला लावला. तिकडून एक ताई, आवाज एकदम गोड.

"नमस्ते, मैं आपकी क्या सहायता कर सकती हूँ?"

मी काही बोलले नाही.

"हैलो? सर, मैंने फोटो देखे हैं... ये मशीन पर लाल-लाल जो है... किसी को लगी है क्या?"

मला सांगायचं होतं हो! पण कुंकू म्हणजे हिंदीत काय? कुमकुम का सिंदूर? आणि सिंदूर म्हटलं तर शेंदूर होतो, आणि शेंदूर म्हटलं तर मशीनचा मारुती होतो! आणि मला सर्दी झाली होती. त्यामुळे मी नुसतं नाक वर ओढलं. सूं...

"रोओ मत बेटा, रोओ मत! घर में कोई बड़ा है?"

आणि नेमकी त्याच वेळी बाबांची पकड सटकली, ती पायाच्या अंगठ्यावर पडली, आणि बाबा ओरडले, "आई गं! मेलो, मेलो, मेलो!"

तिकडे ती ताई अगदी हळू आवाजात म्हणाली, "बेटा, हिम्मत रखो. मैं अभी ऊपर बात करती हूँ." आणि ठेवला फोन.

बाबांनी विचारलं, "काय म्हणाली?"

मी म्हटलं, "वर बोलते म्हणाली."

"वा! एका फोनमध्ये वरपर्यंत? बघ, नीट बोललं की कामं होतात!"

आता काय सांगू मी त्यांना?

पुढचं तुम्ही थोडंफार बघितलंच आहे, पण आतलं ऐका. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीनं बाबांना फोन लावला. पण बाबांच्या कारखान्यात कामावर मोबाइल जमा करावा लागतो. मग त्यांनी लावला खात्यावरच्या नंबरवर. म्हणजे कुठे? कळवणला! लिलावात! तिकडे तोच गोंधळ, पार्सलच्या पत्त्यात नाव बाबांचं, आणि त्यात महेशकाकाला एवढंच ऐकू आलं, की संतोष... मशीन... खून... हाथ. महेशकाकानं घरी फोन केला, की दादाच्या हाताला मशीन लागलं. ज्यानं उचलला त्यानं आजीला सांगितलं, की हात मशीनमध्ये सापडला. आणि जीपमध्ये माणसं बसून दिंडोरीपर्यंत येईतो म्हणे दोन्ही हात गेले होते!

संध्याकाळी बाबा पोहे खात बसले होते. उजव्या हातानं, चमच्याशिवाय. आणि खाली जीप थांबली, त्यातून आजी, काका, काकू, शेजारचे सावळीरामबाबा, आणखी कोण कोण, सगळे एकदम आत, आणि आजीनं मोठ्यानं हंबरडाच फोडला, "संतू! माझ्या लेकराचा हात कुठंय रं!"

बाबांचा घास तोंडातच. म्हणाले, "आई? हा काय हात!"

"झाकू नको! दाखव!"

"अगं, काही नाही झालेलं!"

आजीनं हात उलटा केला, सुलटा केला, बोटं मोजली, पुन्हा मोजली. माझी आजी, सुलाबाई, सगळं कळवण तिला घाबरतं. ती म्हणाली, "वरून काय दिसत नाय. आतून मार हाय. आतला मार लय वंगाळ." आणि आईला म्हणाली, "हळद तापीव गं!" बाबा म्हणाले, "आई, ऐक तर..." पण आजीपुढे बाबांचं काही चालतं होय? पाचच मिनिटांत हळदीचा लेप, त्यावर जुन्या लुगड्याची पट्टी, कोपरापर्यंत! आणि मग आवाज ऐकून भारतकाका वर आले. दारातून पट्टी बघितली, मान हलवली, आणि म्हणाले, "मी म्हणालोच होतो, संतोषभाऊ. तुमचं काम नाही हे."

बाबा सगळ्यांना सांगत होते, "अहो, खरंच काही नाही." आणि सगळे एकमेकांना सांगत होते, "बघा, किती सोसतोय!"

शेवटी महेशकाकानं सांगितलं, की फोन कंपनीचा होता. मग सगळी जीप माझ्याकडे वळली. बाबा म्हणाले, "पायल, तू काल त्या बाईशी नेमकं काय बोललीस?"

आणि मी म्हटलं, "मी काही बोलले नाही."

अहो, पहिल्यांदाच ते वाक्य खरं सांगायला मला एवढं जड गेलं!

बाबा उठले, म्हणाले, लगेच फोन करून सांगतो. चप्पल घालतो तसा त्यांनी चष्मा घातला, डाव्या हातानं मोबाइल घेतला... आणि बेल वाजली. दारात एक शर्ट-पँटमधले सर, गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात फळांची टोपली. "नमस्कार, मी रोहित. कंपनीतर्फे आलोय. सरांची तब्येत बघायला." आणि बाबांची पट्टी बघून त्यांचा चेहराच पडला. "बापरे. एवढं?"

आजी म्हणाली, "आतून मार हाय!"

रोहितसर खुर्चीच्या कडेवर बसले. अगदी नम्र. म्हणाले, कंपनीला फार वाईट वाटतंय, नवं मशीन देऊ, वरच्या दर्जाचं, माणूस पाठवून हवं तिथे भोकंही पाडून देऊ. फक्त या कागदावर सही करा, की इजा झाली आणि कंपनीनं दखल घेतली.

बाबा म्हणाले, "आणि समजा... इजा झालीच नसेल तर?"

रोहितसर हसले. "मग अवघड आहे सर. मशीनवर एवढे डाग आहेत. डागाचं मशीन सिस्टीम परत घेत नाही."

बाबांनी कागदाकडे बघितलं. मग मान वळवून गॅलरीकडे बघितलं. तिथे स्टूल तसंच होतं, आणि त्याच्यावर माझा निळा पडदा, घडी घातलेला. मी बाबांना ओळखते. बाबा दुकानदारानं सुट्टे जास्त दिले तर परत चौकातून उलटे जाणारे. त्यांनी डाव्या हातानं पेन घेतलं. पेन कागदापर्यंत गेलं, आणि तिथेच थांबलं. त्यांचा कान लाल झाला होता. माझ्यासाठी! एका पडद्यासाठी!

सर मला म्हणाले, "फोनवर तूच होतीस ना बाळ? सांग, नेमकं काय झालं?"

आणि सगळी जीप, आणि आई, आणि दारातले भारतकाका, सगळे माझ्याकडे बघत. मला वाटलं, आता इथे पडदा असता ना, ओढून घेतला असता. म्हणजे पडदा हवा असेल तर गप्प बसायचं, आणि गप्प बसणं तर मला जगात सगळ्यात चांगलं येतं...

"ते रक्त नाहीये!" मी बोलले. एवढ्या मोठ्यानं, की आजी दचकली. "ते कुंकू आहे. खंडेनवमीचं. बाबांच्या हाताला काहीच झालेलं नाही. पट्टी आजीनं बांधलीय. मी रडत नव्हते, मला सर्दी होती!"

बाबांनी पेन खाली ठेवलं. आणि तुम्हाला सांगते, एवढा मोठा श्वास सोडला त्यांनी, की कागद उडाला.

रोहितसरांनी मशीन हातात घेतलं. नाकाशी धरलं. मग हलवलं. खडखड खडखड. त्यांनी खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर काढला, चार स्क्रू काढले, झाकण उघडलं... आणि आतून आमच्या सतरंजीवर अक्षता सांडल्या! मूठभर! आणि वर एक झेंडूची पाकळी, भाजलेली.

आई पदरात तोंड लपवून बसली. भारतकाकांचे तर डोळे असे चमकले, असे चमकले, की बाबा लगेच म्हणाले, "भारतराव, आपण उद्या भेटू," आणि आईनं दार लोटून घेतलं. काय दिसलं नि काय नाही त्यांना, देव जाणे.

आजी मात्र ठाम. "देवाच्या अक्षता हायेत त्या. त्यानं कशाला बिघडंल?"

आणि रोहितसर आत बघता बघता म्हणाले, "नाही आजी, अक्षतांनी नाही बिघडलं." त्यांनी आतलं एक पांढरं चाक काढून दाखवलं, सगळे दात झिजून गुळगुळीत. "हे बघा. प्लास्टिक. अक्षता नसत्या तरी हे काँक्रीटमध्ये गेलं नसतं. लोण्यात गेलं असतं कदाचित. मी बोललो असं कुणाला सांगू नका." मग स्वतःशीच हसायला लागले. म्हणाले, "मी विंचूरचा. आमच्या आईनं मागच्या दसऱ्याला माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपला हळदी-कुंकू लावलं. अजून दाबलं की बटण चिकटतं. मी साहेबांना सांगितलंय, चहा सांडला."

मग त्यांनी मोबाइलवर कारण भरायला घेतलं. त्यात पर्याय होते, रक्त, पाणी, गंज, आग. पूजा नव्हती. बराच वेळ विचार करून त्यांनी 'आतील भाग सदोष' टाकलं, आणि डागांपुढे 'इतर'. म्हणाले, "पाठवतो बदलून. हेच मॉडेल येणार नाही एवढं बघतो." बाबा म्हणाले, "मग ही फळांची टोपली परत न्या. मार नाही, तर फळं कसली?" पण टोपलीत बघतात तर काय, कळवणच्या मंडळींनी केळी कधीच संपवली होती. एक सफरचंद तेवढं उरलं होतं, तेही सावळीरामबाबांच्या हातात.

आता तुम्ही म्हणाल, मग एवढे दिवस बाबा पट्टी बांधून का फिरतात? भारतकाकांमुळे! दार लोटायच्या आधी त्यांनी किती बघितलं ते कळायला मार्ग नाही. बाबा म्हणतात, "घड्याळाचं ऐकलं इतकी वर्षं. आता 'पूजेनं मशीन बंद पाडलं' हे मी मरेपर्यंत बारशात ऐकू? त्यापेक्षा हात मोडलेला बरा." कंपनीच्या कागदावर खोटं नाही लिहिलं त्यांनी. पण जिन्यातून उतरताना पट्टी लागते.

आणि माझा कोपरा? ते ऐका ना. जीप गेली, आजी राहिली. म्हणाली, "आतला मार बरा झाल्याबिगर मी हलायची नाय." आणि झोपायला तिला जागा कुठली आवडली? गॅलरीतला कोपरा! पहिल्याच दिवशी म्हणाली, "इथं आडोसा नाय व्हय गं?" स्वतःचं हिरवं लुगडं काढलं, एक टोक खिडकीच्या गजाला, एक पाइपाला, गाठ मारली. झाला पडदा! बाबा बघत राहिले. आई नुसती बाबांकडे बघून भाजी चिरत राहिली.

आता लुगड्याच्या आत खुर्चीत मी, खाली आजी. मला वाटलं होतं, संपलं, गेला माझा कोपरा. पण आजी ना, अभ्यासाला काही बोलत नाही. पुस्तक मिटलं की मगच म्हणते, "हां, बोल." आणि मी बोलते. खरंच! शाळेतलं, बाईंचं, सगळं. एवढं, की तिकडून आई ओरडते, "अगं, झोपू दे त्यांना!" तेव्हापासून हे बूच उडाल्यासारखं झालंय, बघताय ना तुम्ही... मला तर आता रॉड नकोच आहे. लुगड्याला आजीचा वास येतो.

आणि आज, अहो, आज ते नवं मशीन आलंय! खरंच चांगलं दिसतंय, जड आहे. पण भोक पाडायचं आता आहेच कुठे? पडदा तर लागलाय. घड्याळ भारतकाकांनी लावलंय! आणि आज धनत्रयोदशी. बाबा म्हणाले, "आधी चालवून बघू." आजी म्हणाली, "पूजेबिगर हात लावून तर बघ!" म्हणून तर मला या नारळाला पाठवलंय. एवढं सगळं रामायण होऊन मशीनचं घरात एकच काम उरलंय, पाटावर बसायचं. बाबांनी शेवटी हात टेकले, म्हणाले, करा, पण मशीनला प्लास्टिकची पिशवी घालून, आणि कुंकू लांबून. आणि...

"पायलऽऽ! नारळ आणायला गेली का लावायला? चल वर! आन तांदूळ कुठं ठिवलं गं, डबा मोकळा हाय!"

आले आजी! आलेच! ...ऐका, कुणाला सांगू नका हं, तांदळाचा डबा बाबांनी सकाळीच रिकामा केलाय, आणि सगळे तांदूळ ना, माझ्याच दप्तरा...